निवृत्तीच्या तोंडावर ‘जादा प्रदान’ वसुलीचं पत्र आलं? या चुका टाळा

वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. सरकारी रुग्णालयात परिचारिका, गट-क. “भाऊजी, एक लाख चौसष्ट हजार भरा म्हणतायत. संमतीपत्रावर सही केली नाही तर पेन्शन केस पुढे जाणार नाही म्हणे.”

मी एवढंच म्हणालो, “आज सही करू नका. आधी पत्राचा फोटो पाठवा.”

माझी उभी नोकरी आस्थापना शाखेत, लोकांची सेवापुस्तकं लिहिण्यात गेली. त्यामुळे असं पत्र कुठून निघतं ते मला ठाऊक आहे. निवृत्तीपूर्वी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं. पथक पंधरा-वीस वर्षं मागे जाऊन एकेक वेतननिश्चिती तपासतं आणि कुठे चूक दिसली की आक्षेप नोंदवतं. आश्वासित प्रगती योजनेचा (ठरावीक वर्षं बढती न मिळालेल्यांना वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा) लाभ मुदतीआधी दिलेला असतो. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा उत्तीर्ण न होताही वेतनवाढ चालू राहिलेली असते. आदिवासी भागात काम करताना मिळणारी एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी बदलीनंतरही सुटलेली नसते. चूक कार्यालयाची, पण ‘जादा प्रदान’, म्हणजे चुकून जास्त दिलेली रक्कम, वसूल करायची ती कर्मचाऱ्याच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून). वहिनींच्या बाबतीत बंधपत्रित (नियमित नेमणुकीआधी, करारावर केलेल्या) सेवेची पावणेदोन वर्षं नियमित सेवेत धरली गेली होती, म्हणून आश्वासित प्रगतीचे दोन्ही लाभ तेवढे आधी मिळाले. हा हिशेब त्यांनी केला नव्हता, कुणाला करायलाही सांगितला नव्हता.

घाबरून संमतीपत्रावर सही करणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ‘सदर रक्कम माझ्या उपदानातून वसूल करण्यास माझी हरकत नाही’ हे वाक्य निवृत्तीच्या वीस-पंचवीस कागदांच्या गठ्ठ्यात मधेच कुठेतरी असतं. माणूस नामनिर्देशन, फोटो, नमुना सह्या यांच्या ओघात तिथेही सही करून जातो. पुढे दाद मागायला गेलं की सरकारी बाजू पहिल्यांदा तोच कागद पुढे करते.

सही केलीच पाहिजे असा दबाव आला तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: ‘वसुली मला मान्य नाही. दाद मागण्याचा हक्क राखून, केवळ निवृत्तिवेतन प्रकरण अडू नये म्हणून सही करीत आहे.’ त्याचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा. आधीच सही होऊन गेली असेल तरी हातपाय गाळू नका. ती कोणत्या परिस्थितीत घेतली हे सांगणारं पत्र त्याच आठवड्यात द्या. निवृत्तिवेतन अंतिम व्हायला उशीर होणार असेल तर तात्पुरतं निवृत्तिवेतन लेखी मागता येतं. ही गोष्ट कार्यालय आपण होऊन क्वचितच सांगतं.

जुनं वचनपत्र मात्र वेगळं. सहावा किंवा सातवा वेतन आयोग लागू होताना विकल्प देतेवेळी बहुतेकांनी ‘जादा रक्कम दिली गेल्यास परत करीन’ असं लिहून दिलेलं असतं. त्याला वजन आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, सुधारित वेतनश्रेणी स्वीकारताना असं लिहून दिलं असेल तर निवृत्त असल्याचं कारण पुढे करून वसुली टाळता येत नाही. त्या प्रकरणात वसुली दोन वर्षांत विभागून, सोयीच्या हप्त्यांनी करायला सांगितलं. म्हणून आपलं वचनपत्र शोधा. बहुधा ते सेवापुस्तकालाच चिकटवलेलं असतं. तारीख पाहा, आणि ते कशापुरतं लिहिलंय तेही नीट वाचा. वहिनींचं वचनपत्र २००९ चं, सहाव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीपुरतं होतं. चूक झाली होती आश्वासित प्रगतीत. त्यांच्या वकिलांनी पुढे हाच मुद्दा धरला.

वेतन दुरुस्ती आणि वसुली एकच समजणं

माणसं इथे हमखास अडकतात. पत्रात दोन गोष्टी असतात. एक, वेतनाची फेरनिश्चिती, म्हणजे तुमचं मूळ वेतन खाली आणणं. दुसरी, मागच्या काळात गेलेल्या रकमेची वसुली. फेरनिश्चिती बरोबर असेल तरी वसुली बेकायदा ठरू शकते. उलट वसुली थांबली म्हणून जुनं चुकीचं वेतन पुढे चालू राहील असंही नाही. निवृत्तिवेतन दुरुस्त वेतनावरच बसू शकतं.

“माझा लाभ बरोबरच होता” एवढं एकच वाक्य धरून भांडणारा कर्मचारी फेरनिश्चितीत हरला की वसुलीही मुकाट्यानं सोसतो. त्यानं दुसरा मुद्दा कधी मांडलेलाच नसतो. कार्यालयाला द्यायच्या अर्जात दोन्ही वेगवेगळे लिहा. आधी, फेरनिश्चिती का चुकीची आहे (तसं वाटत असेल तर). मग, ती बरोबर धरली तरी वसुली का करता येत नाही.

निकालाचं नाव लिहिणं, पण आपण त्यात कुठे बसतो ते न सांगणं

पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह, १८ डिसेंबर २०१४. हे नाव आता प्रत्येक कार्यालयात माहीत आहे. नुसतं नाव लिहून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं वसुली करता येणार नाही अशा पाच परिस्थिती सांगितल्या: गट-क आणि गट-ड मधले कर्मचारी; निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशापासून एक वर्षाच्या आत निवृत्त होणारे; आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर; वरच्या पदाचं काम चुकीनं करायला लावून त्या पदाचं वेतन दिलं असेल तर; आणि वसुली इतकी अन्यायकारक, कठोर किंवा मनमानी असेल की मालकाच्या वसुलीच्या हक्कापेक्षा तिचा जाच कितीतरी जड ठरेल.

वहिनी पहिल्या तिन्हींत बसत होत्या. अर्जात तसं एकेक करून लिहिलं: गट-क, नियुक्ती आदेशाची प्रत सोबत, निवृत्तीची तारीख अमुक, पहिला लाभ अमुक वर्षी, म्हणजे पाच वर्षांच्या कितीतरी आधी. गट-ब किंवा गट-अ मध्ये असाल तर पहिला मुद्दा तुमचा नाही, तो लिहू नका. दुसरा आणि तिसरा मात्र तुम्हालाही लागू पडू शकतो. केरळमधल्या एका निवृत्त शिक्षकाच्या थॉमस डॅनियल प्रकरणात, २०२२ साली, सर्वोच्च न्यायालयानं वसुली रद्द केली. कर्मचाऱ्यानं खोटी माहिती दिली नव्हती, फसवणूक केली नव्हती, नियमाचा अर्थ लावताना चूक झाली ती कार्यालयाची. तुमच्या अर्जातही हे वाक्य हवंच: ‘मी कोणतीही चुकीची माहिती दिलेली नाही किंवा माहिती दडवलेली नाही.’ अर्थात ते खरं असेल तरच.

हिशेबाचा तक्ता न मागता रकमेवर वाद घालणं

पत्रात फक्त एकूण आकडा असतो. त्यामागे महिन्यागणिक तक्ता असतो: अदा केलेलं वेतन, देय वेतन, फरक, त्यावरचा महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. तो मागा. कार्यालय देत नसेल तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की झालं, आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. मागायचं काय, तेही नेमकं लिहा: पडताळणी पथकाच्या आक्षेपाची प्रत, फेरनिश्चितीचा आदेश, वसुलीचा तक्ता, आणि ज्या शासन निर्णयाच्या आधारे वसुली होते आहे त्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

वहिनींचा तक्ता आला तो अकरा पानांचा. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी घेऊन बसलो. एका बाजूला तक्ता, दुसऱ्या बाजूला त्यांच्या रजांच्या नोंदी. सहाव्या पानावर त्या थांबल्या. “या तीन महिन्यांत मी आईच्या आजारपणात होते. पगारच नव्हता मला.” असाधारण रजा, विनावेतन. तक्त्यात त्या तिन्ही महिन्यांचा फरक पुरा लावलेला होता. साडेआठ हजारांच्या आसपास रक्कम. जी कधी मिळालीच नाही, ती परत मागितलेली.

असं वरचेवर सापडतं. तक्ता करणारा कारकून वर्षाची गोळाबेरीज करून पुढे जातो. रजा, निलंबन, मध्येच झालेली बदली त्याच्या ओळीत उतरत नाही. महागाई भत्त्याचा दर बदललेला महिनाही पुष्कळदा चुकतो. तुमच्या जुन्या वेतनचिठ्ठ्या असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. नसतील तर बँक पासबुकावरच्या जमा रकमा कामी येतात.

नोटीस न देता झालेली वसुली गप्प सोसणं

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १३४-अ निवृत्तिवेतनातून जादा रक्कम वसूल करण्याचा अधिकार सरकारला देतो. कार्यालय हा नियम दाखवतं. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की वसुली का करू नये हे सांगायची वाजवी संधी निवृत्तिवेतनधारकाला द्यायची, आणि हप्ते पाडून वसुली करताना निवृत्तिवेतन ठरलेल्या किमान रकमेखाली जाऊ द्यायचं नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारा, कारणे दाखवा नोटीस कधी दिली? दिलीच नसेल तर तो अर्जातला स्वतंत्र मुद्दा आहे. पैसे कापले गेले असले तरी दार बंद होत नाही. कापलेली रक्कम परत द्या असे आदेश महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं दिलेले आहेत.

तोंडी विनंत्यांत वर्ष घालवणं, आणि चुकीच्या दारात जाणं

“साहेब बघतो म्हणाले” याला कुठेही किंमत नाही. अर्ज लेखी द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर पोच पावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये जाता येतं. ते मुंबईत आहे, खंडपीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. मूळ अर्ज करायला अंतिम आदेशापासून एक वर्ष असतं. निवेदन दिलं आणि सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. पहिल्या निवेदनानंतर दर चार महिन्यांनी स्मरणपत्र पाठवलं म्हणून मुदत वाढत नाही. मुदत उलटून गेलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं.

जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित खासगी शाळांतले शिक्षक मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना अशा वसुलीविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मॅटचा रस्ता धरून आठ महिने घालवलेले शिक्षक मी पाहिलेत, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आणि एक. प्रत्येक मागणी चुकीची नसते. निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतरही खात्यात जमा होत राहिलेली रक्कम, किंवा मुलीचं लग्न न कळवता चालू ठेवलेलं कुटुंब निवृत्तिवेतन, याला रफीक मसीह निकालाचा आधार मिळत नाही. तिथे हिशेब तपासा, बरोबर असेल तर लेखी हप्ते मागा आणि फेडा.

वहिनींनी सही केली नाही. निवेदन दिलं, तक्ता मागितला, तीन महिन्यांची चूक लेखी दाखवली. कार्यालयानं ती रक्कम वगळली आणि उरलेल्या वसुलीचा आदेश काढला. त्यावर मॅटमध्ये मूळ अर्ज गेला आणि अंतरिम स्थगिती मिळाली. त्यांचं निवृत्तिवेतन दुरुस्त केलेल्या, थोड्या कमी मूळ वेतनावर सुरू झालं, त्यावर त्यांनी वाद घातला नाही. उपदान पूर्ण मिळालं. मूळ अर्जाची पुढची तारीख त्यांच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे.