यूट्यूब कमेंटमधले बॉट ओळखायचे कसे आणि हाकलायचे कसे

व्हिडिओ टाकून अर्धा तास होत नाही तोवर खाली कमेंट येते, "आमच्याकडे पण कपाशीवर हाच रोग आलाय दादा, जालन्यातून बघतोय, खूप उपयोगी माहिती". वाचून बरं वाटतं. मग नाव बघावं तर कुठलंतरी परदेशी बाईचं नाव, फोटो भडक, चॅनलवर एक व्हिडिओ नाही. कमेंटमध्ये लिंक नाही, नंबर नाही, काही विकायला पण नाही. हा बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामनं चालवलेलं खोटं अकाउंट. ही कमेंट कोण टाकतं आणि कशाला टाकतं हे मला चॅनलवाले सारखे विचारतात, आणि नेटवर त्यावर जे सल्ले फिरतात ते वाचून डोकं तापतं. "डिलीट करा" म्हणे. डिलीट केल्यानं ती कमेंट जाते, अकाउंट तिथंच राहतं आणि पुढच्या व्हिडिओवर हजर होतं. "कमेंटच बंद करा" म्हणे, म्हणजे ज्या शेतकऱ्याला औषधाचं प्रमाण विचारायचंय त्याचं तोंड बंद. "यूट्यूब बघून घेईल" म्हणे. यूट्यूबनं २०२२ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ११० कोटींच्या वर स्पॅम कमेंट काढल्या असं त्यांनीच जाहीर केलं होतं, आणि तरी तुमच्या व्हिडिओखाली ही बाई आहेच. म्हणजे उरलेलं काम आपल्यालाच करायचंय. मी स्वतःच्या आणि ओळखीच्या काही मराठी चॅनलच्या कमेंट सांभाळतो, शेतीच्या आणि रेसिपीच्या, त्यावरून सांगतोय.

सुरुवात सोपी आहे. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या यूट्यूबच्याच पानावर, सेटिंग्ज, मग कम्युनिटी. तिथं लिंक ब्लॉक करायचा पर्याय आहे, तो चालू करा, लिंक असलेली कमेंट मग आधी तुमच्याकडे तपासायला येते. कमेंट तपासणीची पातळी कडक ठेवा. सगळ्याच कमेंट अडवून ठेवायचा पर्याय पण असतो, तो घेऊ नका, दोन दिवसांत तुम्ही कंटाळाल आणि माणसं पण.

त्याच पानावर ब्लॉक शब्दांची यादी आहे. इथं लोक उत्साहानं काहीही भरतात. शेतीच्या चॅनलवर "नंबर" हा शब्द ब्लॉक केलेला मी पाहिलाय, आणि तिथं निम्मे लोक "रोपं कुठं मिळतील, नंबर द्या" हेच विचारत असतात. "शेअर" ब्लॉक केला की "मित्रांना शेअर केलं" म्हणणारा प्रत्येक भला माणूस अडकतो. "लिंक", "गुंतवणूक", "पैसे" हे शब्द पण टाकू नका. यादीत टाकायचं ते बॉटचंच लिखाण, जसंच्या तसं. बॉट व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम हे शब्द साध्या इंग्रजी अक्षरात लिहीत नाहीत, गणिताच्या चिन्हांसाठी यूनिकोडमध्ये (कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) जी ठळक-तिरकी अक्षरं आहेत ती वापरतात नाहीतर ओ च्या जागी शून्य घालतात, म्हणजे दिसायला तोच शब्द पण फिल्टरला वेगळा. ते हातानं टाईप करायला जाऊ नका. कमेंटमधून कॉपी करायचं आणि यादीत पेस्ट करायचं, स्वल्पविराम देऊन पुढचा. नवीन प्रकार दिसला की भर घालायची. झालं.

आता खरी अवघड पायरी. वर सांगितलेली जालन्याची कमेंट वरच्या कुठल्याच फिल्टरला सापडणार नाही, कारण तिच्यात वाईट असं काहीच नाही. ती कमेंट त्याच व्हिडिओखाली खरोखरच जालन्याच्या एका माणसानं लिहिलेली असते आणि बॉटनं ती उचललेली असते. बाकीचे बॉट तिला लाईक देतात, ती वर चढते, लोक फोटोला भुलून नावावर टॅप करतात, आणि सापळा तिथं चॅनलच्या पानावर असतो, माहितीच्या जागेत किंवा बॅनरवर, डेटिंगची नाहीतर अजून कसली लिंक. ऑगस्ट २०२३ अखेर यूट्यूबनं शॉर्ट्सच्या कमेंटमधल्या लिंकवर टॅप होणंच बंद केलं, पण या लोकांना कमेंटमध्ये लिंक लागतच नाही. म्हणून मी कळकळीनं सांगतो की कमेंटचे शब्द बघत बसू नका, ती कोणी टाकली ते बघा. हे ओळखायला मला फार वेळ लागला, रोज शंका यायची की खरा माणूस तर उडवत नाही ना, आणि खरा प्रेक्षक उडवणं हे दहा बॉट राहण्यापेक्षा वाईट आहे असं माझं ठाम मत आहे.

काय करायचं ते नीट सांगतो. स्टुडिओत कमेंटच्या पानावर फिल्टरमध्ये शोधायची सोय आहे. संशय आलेल्या कमेंटमधले मधलेच तीन-चार शब्द तिथं टाका. सुरुवातीचे टाकू नका, "खूप छान" टाकलं तर सगळं चॅनलच समोर येईल. "कपाशीवर हाच रोग" असं काहीतरी खास टाका. तोच मजकूर दोनदा आला की वेळ बघा, आधीची कोणती आणि नंतरची कोणती. हे बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण लाईकमुळे नक्कल वर असते आणि अस्सल खाली गेलेली असते, आणि घाईत लोक खालच्याला चोर समजून उडवतात. जालन्याच्या त्या बिचाऱ्यानं मनापासून लिहिलेलं असतं आणि त्याचीच कमेंट गायब होते, त्याला कळतपण नाही का.

मग नंतरच्या अकाउंटचं पान बघा, पण तिथल्या लिंकवर कधीही टॅप करायचं नाही, उत्सुकता म्हणून पण नाही. फोनवर कमेंट टाकणाऱ्याच्या फोटोवर टॅप केलं की छोटं कार्ड उघडतं, त्यात त्यानं तुमच्या चॅनलवर आधी काय काय लिहिलंय ते दिसतं. बहुतेक वेळा तेवढ्यात कळतं.

मजकूर उचललेला आहे आणि पानावर आमिष आहे, या दोन्ही गोष्टी असतील तरच बॉट. एकच असेल तर सोडून द्या. नुसत्या नावावरून ठरवू नका, आपल्याकडे आज्जी नातवाच्या अकाउंटवरून कमेंट करते आणि फोटोला बंदूक घेतलेला गेममधला माणूस असतो. नुसत्या रिकाम्या चॅनलवरून पण नाही, बहुतेक प्रेक्षकांचं चॅनल रिकामंच असतं, ते व्हिडिओ बघायला येतात, बनवायला नाही. आणि अकाउंट कधी उघडलंय त्या तारखेवरून तर अजिबात नाही. "जुनं अकाउंट म्हणजे खरं" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण लोकांची चोरलेली जुनी अकाउंटच यासाठी वापरली जातात.

खात्री झाली की डिलीट नाही, तीन टिंबांवर जाऊन "चॅनलवरून युजर लपवा" निवडायचं. त्याच्या कमेंट मग कोणालाच दिसत नाहीत आणि त्याला तशी सूचना पण जात नाही. सोबत रिपोर्ट करा, कमेंट नाही तर त्या चॅनललाच, कारण कमेंटचा मजकूर तपासणाऱ्याला साधाच दिसणार.

बॉटला उत्तर देऊ नका, शिव्या पण देऊ नका. उत्तर आलं की ती कमेंट अजून वर जाते.

तुमचंच नाव आणि लोगो लावून फिरणारे असतात त्यांच्याबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण तिथं नुकसान तुमच्या प्रेक्षकाचं होतं. कोणी "ताई, खूप छान रेसिपी" लिहिलं की खाली तुमच्या नावानं उत्तर येतं, अभिनंदन, तुम्हाला गिफ्ट लागलंय, टेलिग्रामवर मेसेज करा. गेलं की कुरिअर चार्जच्या नावानं पैसे मागतात. जुलै २०२२ पासून यूट्यूबनं सबस्क्रायबरचा आकडा लपवायची सोय काढून टाकली आणि नावात चालणारी चित्रविचित्र चिन्हं पण कमी केली, त्यामुळं हे भामटे पकडणं थोडं सोपं झालंय, पण मोबाईलवर कमेंट वाचणारी बाई आकडा बघायला जात नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली एक कमेंट पिन करा, म्हणजे ती कायम सगळ्यात वर राहते, आणि त्यात साध्या मराठीत लिहा की मी कोणालाही टेलिग्रामवर बोलावत नाही, गिफ्ट देत नाही, आणि माझं स्वतःचं उत्तर असेल तर माझं नाव वेगळ्या रंगाच्या पट्टीत दिसतं. ती पट्टी फक्त चॅनलच्या मालकालाच मिळते, नक्कल करणाऱ्याला नाही.

शेअर बाजार किंवा क्रिप्टोवर बोलणाऱ्या चॅनलवर अजून दोन प्रकार दिसतील. एकात दोन-तीन अकाउंट आपापसात गप्पा मारतात, अमुक मॅडमनी माझे पैसे दुप्पट केले, हो हो माझे पण, आणि ना लिंक ना नंबर, फक्त पूर्ण नाव, कारण ते नाव शोधलं की त्यांनीच बनवलेली वेबसाईट वर येते. पूर्ण गप्पाच काढा, एक कमेंट काढून उपयोग नाही, आणि ते नाव ब्लॉक शब्दांत टाका.

दुसऱ्यात कोणी भोळेपणाचा आव आणून लिहितो की माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी आहेत, रिकव्हरीचे बारा शब्द हे घ्या, पैसे दुसरीकडे कसे पाठवू? यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं, वॉलेट म्हणजे ते ठेवायचं डिजिटल पाकीट आणि ते बारा शब्द म्हणजे पाकिटाची किल्ली, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं याचा पासवर्ड आपल्या हाती लागला. वॉलेट उघडतं, आत पैसे दिसतात सुद्धा, पण बाहेर काढायला ट्रॉन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कचं नाणं फी म्हणून लागतं, ते तुम्ही टाकलं की क्षणात चोराच्या खात्यात जातं आणि आतल्या पैशाला हात लागत नाही, कारण ते हलवायची परवानगी दुसऱ्याच वॉलेटकडे ठेवलेली असते. ही कमेंट दिसली की लगेच लपवा.

"बॉट साफ करून देतो" म्हणणाऱ्या कुठल्याही ॲपला गुगलचं लॉगिन देऊ नका. काम जास्त असेल तर विश्वासातल्या माणसाला मॉडरेटर, म्हणजे तुमच्या वतीनं कमेंट तपासणारा, करा, शक्यतो मराठी नीट वाचणारा, कारण उचललेली कमेंट ओळखायला ती आधी समजावी लागते.

अडवलेल्या कमेंटची यादी आठवड्यातून एकदा तरी उघडा, त्या ६० दिवसच तिथं राहतात, आणि त्यात खरी माणसं हमखास अडकलेली असतात, कोणीतरी गावच्या बाजारभावाची लिंक दिलेली असते, कोणी स्वतःच्या नर्सरीचा पत्ता. त्यांना मंजूर करा आणि नेहमीचे असतील तर मान्यताप्राप्त युजरमध्ये टाका, म्हणजे परत अडकणार नाहीत. कोणा प्रेक्षकाचे पैसे गेल्याचं कळलं तर त्याला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन करायला सांगा, तासाभरात केला तर पैसे बँकेत अडवता यायची शक्यता जास्त असते, आणि तुमच्याकडे त्या बॉटच्या चॅनलचा स्क्रीनशॉट आणि हँडल (@ नं सुरू होणारं नाव) असेल तर ते त्याला पाठवा, तक्रारीत लागतं.