साठा संपतोय, घटतोय, आटतोय: इंग्रजीत नेमकं क्रियापद कसं निवडाल

'स्टॉक इज ओव्हर' आणि 'मटेरियल इज फिनिश्ड' ही वाक्यं आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतात. आपापसांत ती खपतातही. निरोप परदेशी ग्राहकाला गेला की पंचाईत होते. 'ओव्हर' लागतं मॅच, मीटिंग, सुट्टी अशा ठरावीक वेळ चालणाऱ्या गोष्टींना. 'फिनिश्ड'चं तर विचारूच नका. 'फिनिश्ड गुड्स' म्हणजे तयार माल. कच्चा माल संपला हे कळवायला गेलात, तर समोरचा माल तयार आहे असं समजून गाडी पाठवायचा.

क्रियापद निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. कर्ता कोण, वस्तू की ती वापरणारा? आणि वस्तू पार संपली आहे की नुसती कमी झाली आहे? मराठीत संपणं आणि संपवणं हा फरक क्रियापदाच्या रूपातच दिसतो. इंग्रजीत तो बऱ्याचदा शब्दयोगी अव्ययावर ठरतो आणि चुका तिथेच होतात.

रोजच्या कामाला 'रन आउट' पुरतं. वस्तू कर्ता असेल तर 'ऑफ' नाही: 'द डीझेल हॅज रन आउट'. माणूस कर्ता असेल तर 'ऑफ' हवंच: 'वुई हॅव रन आउट ऑफ डीझेल'. 'द डीझेल इज रन आउट' चूक. तिथे 'हॅज' हवं. अजून थोडं शिल्लक असेल तर 'वुई आर रनिंग लो ऑन डीझेल' किंवा 'रनिंग शॉर्ट ऑफ डीझेल' म्हणा. आउट ऑफ, शॉर्ट ऑफ, पण लो ऑन. यामागे नियम शोधत बसू नका, तोंडपाठ करा.

'यूज अप'चा कर्ता नेहमी वापरणारा. 'आय यूज्ड द ऑइल' म्हटलं तर डब्यात तेल उरलेलं असू शकतं; 'यूज्ड अप' म्हटलं की डबा रिकामा. आपण 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यांत जो फरक करतो, जवळपास तोच हा. सर्वनाम आलं तर ते मध्ये बसवायचं: 'यूज इट अप'. 'यूज अप इट' होत नाही.

किती खप आहे हे सांगायचं असेल तर 'गो थ्रू' वापरा. 'द कॅन्टीन गोज थ्रू थ्री सिलिंडर्स अ वीक' यात तक्रार नाही, फक्त हिशोब आहे. तेच 'बर्न थ्रू' केलंत की उधळपट्टीचा वास येतो, म्हणून वरिष्ठांच्या खर्चाबद्दल लिहिताना जपून. स्टार्टअपवाल्यांचा 'बर्न रेट' याच घरातला, पण तो आता तटस्थ संज्ञा झाला आहे. खात्यात 60 लाख आणि महिन्याला उत्पन्न वजा जाता 5 लाखांची तूट, तर बर्न रेट 5 लाख आणि 'रनवे', म्हणजे पैसे पुरतील तो काळ, 12 महिन्यांचा.

बचतीबद्दल लिहिताना कर्ता हमखास चुकतो. 'डिप इंटू' माणूस करतो: 'वुई डिप्ड इंटू अवर सेव्हिंग्ज', म्हणजे गरजेपुरता हात घातला. 'ईट इंटू' मात्र खर्च करतो: 'द रेंट इज ईटिंग इंटू अवर सेव्हिंग्ज'. 'इरोड' आणखी वेगळं आहे, कारण तिथे रक्कम तशीच राहते आणि किंमत झिजते. दरवर्षी 6 टक्के महागाई धरली तर कपाटात ठेवलेल्या एक लाखाची खरेदीशक्ती 12 वर्षांत साधारण निम्म्यावर येते. नोटा एक लाखाच्याच असतात. इथे 'डिप्लीट' लिहिणं चूक, कारण 'डिप्लीट' म्हणजे साठाच कमी होणं.

'डिप्लीट' हा औपचारिक शब्द आहे: भूजल, मासे, जमिनीतली अन्नद्रव्यं, ओझोनचा थर. 1987च्या माँट्रियल कराराच्या नावातही हेच क्रियापद आहे. पूर्ण संपलं असं त्यातून निघत नाही. घातक प्रमाणात घटलं, इतकंच. पार संपलं असेल तर 'एक्झॉस्ट'. त्याचे दोन नातलग सांभाळा: 'एक्झॉस्टिव्ह रिपोर्ट' म्हणजे सर्वांगीण अहवाल, 'एक्झॉस्टिंग रिपोर्ट' म्हणजे वाचणाऱ्याचा जीव काढणारा.

'डिप्लीट' आणि 'एक्झॉस्ट' हे दोन शब्द तपासायला उजनी धरण उत्तम. उपयुक्त साठा सुमारे 53.57 टीएमसी (अब्ज घनफूट), मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, सुमारे 63.66. उन्हाळ्यात 'उजनी उणे 20 टक्के' अशी बातमी येते, तेव्हा उपयुक्त साठ्याच्या 20 टक्के, म्हणजे सुमारे 10.7 टीएमसी पाणी मृतसाठ्यातून गेलेलं असतं. धरणात अजून जवळजवळ 53 टीएमसी असतं. म्हणून 'द डॅम इज एक्झॉस्टेड' साफ चूक, 'एम्प्टी' त्याहून चूक. बरोबर वाक्य असं: 'लाइव्ह स्टोरेज इज एक्झॉस्टेड अँड डेड स्टोरेज इज बीइंग ड्रॉन डाउन'. आकडे देताना आणखी एक खाच. साठा 50 टक्क्यांवरून 40 वर आला तर 'फेल टू 40 पर्सेंट' लिहा. 'फेल बाय 10 पर्सेंट' चुकतं, कारण घट 10 टक्के-बिंदूंची आहे आणि मूळ साठ्याच्या हिशोबाने ती 20 टक्के भरते.

बाजार समितीतली आवक रोडावते तेव्हा 'ड्विंडल'. हे क्रियापद अकर्मक आहे, त्यामुळे 'अरायव्हल्स वेअर ड्विंडल्ड' होत नाही. 'अरायव्हल्स ड्विंडल्ड' किंवा 'आर ड्विंडलिंग'. ते संख्या, साठा, पाठिंबा यांना शोभतं, भावाला नाही. भाव 'फॉल' होतात. पाऊस किंवा औषधाचा डोस हळूहळू कमी होत गेला तर 'टेपर ऑफ', आणि सुरुवातीचा जोर ओसरत काम मध्येच विरलं तर 'पीटर आउट'. ऑर्डर किंवा निधी येणं थांबलं तर 'ड्राय अप', आपल्या 'आटणं'सारखंच.

'ड्रेन'मध्ये दिशा असते: इथलं तिकडे वाहून जातं. दादाभाई नौरोजींच्या सिद्धांताला 'ड्रेन' हाच शब्द शोभतो, कारण संपत्ती नुसती घटत नव्हती, इंग्लंडला जात होती. बॅटरीलाही हेच क्रियापद: 'द ॲप ड्रेन्स द बॅटरी'.

'ड्रॉ डाउन' बँकेच्या पत्रात दिसलं तर थांबा. धरण किंवा गंगाजळीच्या बाबतीत ते साठा उपसणं असतं. कर्जाच्या बाबतीत मंजूर रकमेतला हप्ता उचलणं. 'यू हॅव ड्रॉन डाउन 20 लॅख्स' याचा अर्थ तुमची शिल्लक 20 लाखांनी घटली असा नाही. तेवढं कर्ज तुम्ही उचललं आहे आणि व्याज त्यावर लागणार.