टॅरंटुला खात नाहीये? आधी पोट बघा, मग कॅलेंडर

आमच्या आक्काने २०२० च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा रातकिडा खाल्ला आणि त्यानंतरचा थेट २०२१ च्या मे मध्ये. मधले आठ महिने काहीच नाही. आक्का म्हणजे चिलीयन रोझ जातीची मोठी टॅरंटुला मादी, एक केसाळ कोळीण, मी जर्मनीत राहते आणि इथल्या हाम गावात टेरारिस्टिका नावाचा पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांचा आणि कोळ्यांचा मोठा बाजार भरतो, तिथून आणलेली. त्या आठ महिन्यांत मी जे जे चुकीचं केलं आणि नंतर जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कारण "माझी टॅरंटुला तीन आठवडे जेवली नाही, मरेल का" असं विचारणारे मेसेज मला सारखे येतात आणि त्यांची काळजी मला अगदी आतून कळते.

पहिली गोष्ट, आपण कुत्र्या-मांजराच्या हिशोबाने विचार करतो. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर डॉक्टर गाठावा लागतो. टॅरंटुलाचं तसं नसतं, तिचं शरीर इतकं सावकाश चालतं की एकदा पोट भरलं की महिनोन्महिने त्यावर निघतात, आणि चिलीयन रोझ तर उपासासाठीच प्रसिद्ध आहे, धडधाकट मोठ्या मादीने वर्षभर किंवा त्याहून जास्त काही न खाल्ल्याची उदाहरणं आहेत. चिलीतला तिचा मुलूख कोरडा, झुडपांचा, तिथे रोज शिकार दारात येत नाही.

म्हणून दिवस मोजायच्या आधी पोट बघा. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात, पुढचा कडक भाग जिथून पाय निघतात आणि मागचं गोल मऊ पोट. पोट पुढच्या भागाएवढं किंवा त्याच्या दीडपट असेल तर ती उपाशी नाहीये, तिला भूक नाहीये, शांत राहा. पोट पुढच्या भागापेक्षा लहान झालं, सुकलेल्या मनुक्यासारखं सुरकुतलं तर मात्र लक्ष घाला, आणि तेव्हाही पहिला संशय भुकेवर नाही, तहानेवर घ्या. आणि पोट द्राक्षासारखं टम्म फुगलं असेल तर तुम्हीच जास्त खाऊ घातलंय, अशा वेळी ती काचेवर चढून खाली पडली तर पोट फुटून मरू शकते, म्हणून जमिनीवर राहणाऱ्या जातीच्या टाकीत माती ते झाकण अंतर कमीच ठेवा.

आता कात. उपासाचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. पोटावर मागच्या बाजूला केस झाडून जे टक्कल पडतं ना, तिथली कातडी काळसर आणि चकचकीत व्हायला लागली, ती सुस्त झाली, जमिनीवर जाळ्याची चटई विणली किंवा बिळाचं तोंड बंद केलं, तर समजा कात टाकायची तयारी चालू आहे. या काळात ती खात नाही कारण तिचे सुळे, घशाचं आतलं अस्तर हे सगळंच कातीबरोबर बाहेर पडणार असतं. त्यामुळे खायला टाकूच नका. पाणी मात्र भरलेलं हवं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, ती उताणी पडलेली दिसली, पाय वर, तर ती मेलेली नाही, ती कात टाकतेय! हात लावू नका, फुंकर मारू नका, टाकी हलवू नका, काही तास लागतात, मोठीला अख्खा दिवसही जाऊ शकतो. खरी धोक्याची खूण उलट असते, ती सरळच बसलेली असते पण सगळे पाय पोटाखाली मुठीसारखे वळलेले. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात, पाणी कमी झालं की दाब जातो आणि पाय आत वळतात. अशा वेळी उथळ झाकणात पाणी घेऊन तिचा पुढचा भाग हळूच कडेवर टेकवा, तोंड खालच्या बाजूला सुळ्यांच्या मध्ये असतं तेवढंच पाण्याला लागू द्या, पोट बुडवायचं नाही कारण श्वासाची छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला असतात.

माझी मोठी चूक सांगते. तिने रातकिडा घेतला नाही तर मी तो टाकीतच सोडायचे, लागली भूक तर खाईल म्हणून. एका सकाळी आक्का कात टाकून मऊ पडलेली आणि तो रातकिडा तिचा पाय कुरतडत होता. एका पायाचं टोक गेलं. पुढच्या कातीत ते परत उगवलं, जरा बारीक, पण कात टाकलेली कोळीण इतकी मऊ असते की एक रातकिडा तिला मारू शकतो. तेव्हापासून नियम एकच, संध्याकाळी टाकायचं आणि सकाळी उरलं असेल तर काढायचं. मीलवर्म (खाद्य म्हणून मिळणारी अळी) तर मातीत घुसून गायब होतो, म्हणून त्याचं डोकं चिमट्याने चेपून मगच द्या.

कात झाल्यावर लगेच जेवण नको. सुळे आधी पांढरे दिसतात, मग लालसर, मग काळे. काळे कुळकुळीत झाले की मग द्या, मोठीला साधारण दहा ते चौदा दिवस, पिल्लाला चार-पाच.

एरवी किती द्यायचं? पिल्लांना आठवड्यातून दोनदा, मधल्या वयाच्यांना एकदा, मोठ्या मादीला दहा-पंधरा दिवसांनी दोन-तीन रातकिडे पुष्कळ झाले. किडा तिच्या पोटापेक्षा मोठा नको. अगदी बारीक पिल्लाला मेलेल्या मीलवर्मचा तुकडा चालतो, ती त्यावर बसून चोखते. टॅरंटुला चावून गिळत नाही, पाचक रस सोडून शिकार पातळ करते आणि शोषते, शेवटी एक गोळा उरतो तो उचलून टाका नाहीतर बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक किडे) येतात. रातकिडे, डुबिया झुरळं (खाद्यासाठी वाढवलेली), मीलवर्म यातलं काहीही बदलून द्या, देण्याआधी एक दिवस त्यांना गाजर-ओट्स खायला घाला. घरातलं झुरळ किंवा बागेतला नाकतोडा नको, कुठे औषध फवारलं होतं कळत नाही. उंदराच्या पिल्लाची काहीच गरज नाही, मला ते बघवतही नाही.

नवीन आणलेली किंवा टाकी बदललेली असेल तर दोन-चार आठवडे न खाणं साहजिक आहे, लपायला जागा द्या आणि एकटं सोडा. चिलीयन रोझची माती ओली असली तरी ती वैतागते, पायाच्या टोकांवर चालते, काचेवर चढून बसते, तिला कोरडी माती आणि पाण्याची वाटी एवढंच लागतं. थंडीत भूक मंदावते, घर वीस-बावीस अंशांवर असेल तर वेगळा दिवा वगैरे लावू नका, दिव्याने ती भाजते आणि सुकते.

नर असेल तर वेगळंच प्रकरण. शेवटच्या कातीनंतर तोंडाजवळच्या छोट्या पायांची टोकं बॉक्सिंगच्या ग्लोव्हजसारखी होतात, या जातीत पुढच्या पायांना आतून हूकही येतात, मग तो खाणं जवळजवळ सोडतो आणि मादी शोधत टाकीभर फिरतो. हे त्याचं म्हातारपण, मादी वीस वर्षं जगते पण तो त्यानंतर काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष. पाणी द्या, मधूनमधून छोटा किडा ठेवून बघा, जबरदस्ती नको.

खरा आजार क्वचित असतो. तोंडाभोवती पांढरा चिकट पदार्थ, घाण वास आणि खाणं बंद, हे तिन्ही एकत्र दिसलं तर सूत्रकृमी (बारीक जंत) असू शकतात, त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि ते पसरतात, म्हणून ती टाकी लगेच बाकीच्यांपासून लांब, चिमटे-वाट्याही वेगळ्या.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी एवढंच, जंगलातून कोळी उचलून आणू नका, आपल्याकडचा पोइसिलोथेरिया हा टॅरंटुलांचा वंश २०१९ पासून साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, यादीत आहे. शिवाय तो झाडावरचा, विजेसारखा चपळ, चावला तर स्नायूंना भयंकर गोळे येतात.

तर उपासात मी आता एवढंच करते: दर पंधरा दिवसांनी एक रातकिडा, रात्रभर, सकाळी बाहेर, आणि वहीत तारीख व पोटाचा अंदाज. पाणी दर दोन दिवसांनी. त्या मे मध्ये आक्काने रातकिडा पडता पडता झडप घालून पकडला आणि मग त्याच जागी जाळं विणत हळूहळू गोल फिरली. मी स्वयंपाकघरातून सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.