रस्ता कोणाचा ते आधी शोधा, मग खड्ड्यावरून भांडा

पाऊस उघडला की आमच्या लेआउटच्या ग्रुपवर दरवर्षी तेच. खड्ड्याचे फोटो, आणि खाली कोणीतरी लिहिणारच की एवढा टॅक्स भरतो, मग महापालिका करते काय? आम्ही रीतसर तक्रार टाकली, चार दिवसांत बंद झाली, शेरा काय तर "खासगी रस्ता". तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की घरपट्टी आपल्या फ्लॅटची असते, त्यावरून दारातला रस्ता कोणाचा ते ठरत नाही.

मालकी शोधायची तर सुरुवात मंजूर लेआउटच्या नकाशापासून करा, बिल्डर देत नसेल तर बांधकाम परवानगी विभागातून नक्कल काढा. रस्ता डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात (डीपीत) आखलेला, आहे की लेआउटचा अंतर्गत रस्ता हे त्यात दिसतं. पण नुसती डीपीत रेघ आहे म्हणून रस्ता महापालिकेचा झाला असं नसतं हं, जागा प्रत्यक्ष ताब्यात यायला लागते, म्हणजे मालकाने टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्त बांधकामाची मुभा) किंवा पैसे घेऊन ती सोडलेली हवी. मग सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड बघा. तिथे अजून मूळ शेतकऱ्याचं किंवा बिल्डरचंच नाव निघतं, आमचंही तसंच निघालं आणि अर्धी लोकं घाबरली, पण मंजूर लेआउटमधल्या रस्त्यावर प्लॉटधारकांचा जाण्यायेण्याचा हक्क असतोच, नाव आहे म्हणून मालकाला तो प्लॉट पाडून विकता येत नाही. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना २३ मागा, ती रस्त्यांची नोंदवही.

तरी स्पष्ट होत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. "रस्ता का करत नाही" असलं विचारू नका, हात हलवत परत याल. "हा रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का, असल्यास ताबा पावतीची प्रत द्यावी" एवढंच लिहा.

रस्ता खासगी निघाला की खर्च आपला. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे आणि त्यात अंतर्गत रस्ते स्पष्ट लिहिलेत, त्यामुळे सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि कामाला लागा. खरी बोंब होते ती चार-पाच सोसायट्यांचा मिळून एक रस्ता असतो तिथे, कारण पुढचे मागच्या टोकाच्यांना म्हणतात रस्ता तुम्हीच जास्त वापरता, आमच्या दारातून टँकर तुमचे जातात, आणि वर्गणी कशी वाटायची यावरच दोन पावसाळे जातात. माझं मत, फ्लॅटच्या संख्येवर वाटा आणि लेखी घ्या.

काम देताना आधी पाणी कुठे जातं ते बघा, डांबराचं नंतर. साचलेलं पाणी डांबर उखडतंच, म्हणून उतार आणि गटार पहिल्यांदा, पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन बदलायची असेल तर तीही त्याआधीच. आणि जुन्या थरावर नवा थर चढवू देऊ नका, खरवडून मगच टाकायला सांगा. नाहीतर रस्ता वर आणि पार्किंग खाली, पहिल्याच पावसात गाड्या पाण्यात.

रस्ता पालिकेला देऊन टाकायचा पर्यायही आहे. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३०५ आयुक्तांना रस्त्यालगतच्या मिळकतदारांना नोटीस देऊन खासगी रस्ता, गटार नीट करायला लावायचा अधिकार देतं. कलम ३०६ म्हणतं की रस्ता पक्का केला, ड्रेनेज झालं, दिवे लागले की मालकाच्या मागणीवरून तो सार्वजनिक जाहीर करता येतो. म्हणजे आधी खर्च तुमचाच! तशी जाहीर करणारी नोटीस रस्त्यावर लागल्यापासून महिन्याभरात बहुसंख्य मालकांनी लेखी हरकत घेतली तर मात्र ते बारगळतं. बाकी शहरांत पथ विभागात विचारा, मालकाची संमती लागणारच, तेव्हा सातबारावरच्या माणसाशी किंवा त्याच्या वारसांशी गोड बोलायची तयारी ठेवा.

आणि सभेत हे आधीच सांगून टाका, रस्ता सार्वजनिक झाला की गेट गेलं, वॉचमनला कोणाला अडवता येणार नाही आणि बाहेरच्या गाड्या दारात लागणार. आमच्याकडे डांबर सगळ्यांना फुकट हवं होतं, गेटचा विषय निघाल्यावर दोनच हात वर राहिले, म्हणून यंदाही वर्गणी आहे.