सोलापूरच्या माळावर पक्ष्यांचं प्रियाराधन कसं बघायचं

पहिला पाऊस पडला की नर लगेच कामाला लागतात, त्यामुळे जून-जुलैत पहाटेच निघा, ऊन चढलं की सगळं थंडावतं. ८x४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, पाणी, टोपी, मळकट रंगाचे कपडे, बास. आणि फिरत बसू नका प्लीज! एकच नर निवडा आणि अर्धा तास त्याच्यावरच नजर ठेवा, पक्ष्यांची यादी नंतर वाढवता येते.

नवीन असाल तर सुगरणीपासून सुरुवात करा. विहिरीवर किंवा ओढ्यावर वाकलेली बाभूळ शोधा, पिवळ्या डोक्याचे दिसतील ते नर, घरटी तेच विणतात. घरटं अर्धं झालं, म्हणजे अजून खालची नळी नाही, की माद्या बघायला येतात आणि सगळे नर घरट्याला लटकून पंख फडफडवत एकच कल्ला करतात. आता नर सोडा, मादीकडे बघा. ती आत शिरते, चोचीने काड्या ओढून बघते, पसंत नाही पडलं तर सरळ शेजारच्याकडे जाते. पसंत पडलं तर जोडी जमते, मग नर नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

उघड्या माळावर डोंबारी, म्हणजे चंडोलाच्या जातीचा छोटा पक्षी, त्याचा नर बघाच. चिमणीएवढा, पोट काळंभोर. थरथरत वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार असं वाटतं तोच पुन्हा वर, असं करत करत शेवटी एखाद्या ढेकळावर बसतो. मादी मातकट असते, ती जवळच कुठेतरी असणार, शोधा.

नान्नजचं अभयारण्य बार्शी रोडवर आहे, माळढोकासाठीच केलेलं. माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, पण हा पक्षी आता इतका दुर्मिळ झालाय की त्याच्या मागे धावणं हाच गुन्हा समजा. वनखात्याची परवानगी घ्या, ठरलेली वाट सोडू नका.

मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज अजिबात वाजवायचे नाहीत, नर मादीला सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत बसतो. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर अंडी जवळच उघड्यावर आहेत, पायाखाली बघत आल्या वाटेने मागे फिरा.

प्रत्यक्ष मीलन दोन-चार सेकंदांत उरकतं. मादी अंग दाबून बसली आणि शेपटी बाजूला केली की कॅमेऱ्याशी खेळत बसू नका, डोळ्यांनी बघा, वेळ नंतर वहीत लिहा.