मगर, खेकडा, बदक: टोपणनावांच्या मॉडेल इंजिनांत या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्विस ‘मगर’ या विजेच्या इंजिनाचं मॉडेल रंगवून तिचा भारतीय ‘खेकडा’ करणं. दोन लांब नाकं, मध्ये केबिन आणि चाकांना जोडणारे रॉड पाहून दोन्ही इंजिनं एकच वाटतात. पण स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड या डोंगरी मार्गावरच्या सीई ६/८ मगरीला दोन्ही टोकांना एकेक मोकळी चाकजोडी असते. एकेकाळी भोर आणि थळ घाट चढणाऱ्या डब्ल्यूसीजी-१ ला, म्हणजे आपल्या खेकड्याला, ती नाहीच. त्याच्या सहाही जोड्या ओढणाऱ्या. मगरीची टोकाची चाकं नुसती कापली तर नाकाखाली भोक उरतं आणि कपलिंग त्यांच्यावर बसवलेलं असेल तर तेही जातं. दुसरी अडचण रुळांची. १६७६ मिमी ब्रॉडगेज १:८७ ला सुमारे १९.३ मिमी होतो आणि एचओ (१:८७ प्रमाणातल्या मॉडेलचे) रूळ १६.५ मिमीचे असतात, त्यामुळे खेकडा अरुंद पायांवर उभा दिसतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरे खेकडे उभे आहेत. आधी बाजूने फोटो काढा आणि चाकं मोजा. रंगाची बाटली त्यानंतरच उघडा.

मगर वळणावर घसरते, तेव्हा बहुतेकजण नाकात शिसं भरतात. मग मोटर तापते आणि इंजिन तिथेच पुन्हा घसरतं. दोष वजनाचा नसतोच. खरी सीई ६/८ सुमारे १९.४ मीटर लांब, म्हणजे एचओत साधारण २२ सेंमी, आणि नाकं केबिनपासून वेगळी वळतात. केबिनमधून नाकात जाणारी वायर आखूड किंवा ताठ असली, की ती नाकाला सरळ ओढून धरते आणि चाक रुळावरून उचललं जातं. वीज बंद करा आणि इंजिन हाताने वळणावरून हळू ढकला. नाक अडखळलं तर वायरला ढिला वळसा द्या किंवा मऊ वायर घाला. तरीही घसरलं, तर चाकांमधलं अंतर गेजने तपासा. चाकांच्या कडा कानशीने घासू नका, घासलेलं परत येत नाही. डावं वळण संपताच उजवं लागत असेल, तर मध्ये निदान इंजिनाच्या लांबीएवढा सरळ रूळ हवाच. जागा नसेल तर लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, बदला. मी यात सवलत देत नाही.

‘मॅलर्ड’ हे ब्रिटिश वाफेचं इंजिन, म्हणजे आपलं बदक, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल धावलं, तेव्हा त्याच्यावर ४४६८ क्रमांक, निळा रंग आणि चाकं झाकणारी पत्र्याची झालर होती. ६००२२ हा त्याचाच पुढच्या काळातला क्रमांक, तेव्हा झालर नव्हती. ६००२२ आणि झालर एकत्र लावू नका.

चेसी या अमेरिकी रेल्वेच्या मांजरीची जाहिरात १९३३ ची, पण मांजरीची आकृती असलेलं चेसी सिस्टिमचं चिन्ह १९७० च्या दशकातलं. चाळीसच्या दशकातल्या मालगाडीवर ते चिकटवू नका. डिकाल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावताना खालचा पृष्ठभाग चकचकीत असला पाहिजे, मॅट रंगावर लावलं तर खाली हवा अडकून पांढुरकी छटा दिसते. आधी ग्लॉस, मग डिकाल, पूर्ण वाळल्यावर मॅट. घाई करणाऱ्यांचं इथेच बिघडतं.

रॉडच्या पिनांना तेल सुईच्या टोकाएवढंच द्या, आणि ते प्लास्टिकला चालणारं असावं. जास्तीचं तेल पकडीसाठी चाकावर चढवलेल्या रबरावर उतरतं, मग इंजिन चढावर नुसतं फिरत राहतं. तसं झालं तर रबर पुसत बसू नका, बदला.