सोळा खणांच्या मशीनवर दादरा बसवताना

ड्रम मशीनवर चार-चारचा ठेका बसवता येतो, पण दादरा (तीन-तीनच्या दोन भागांचा सहा मात्रांचा ताल) लावला की गाणारा दचकतो, अशा नवख्यांसाठी हे लिहीत आहे. रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ पासून सोळा कळांची ओळ रूढ झाली; एक कळ म्हणजे एक खण. केहरव्याच्या आठ मात्रा, प्रत्येकी दोन खणांनी, तिच्यात नेमक्या मावतात. दादऱ्याच्या सहा मावत नाहीत. त्यावरचा उपाय कोणीही सांगतो: लास्ट स्टेप (पॅटर्न जिथे संपून पुन्हा सुरू होतो तो खण) बारावर आणा आणि प्रत्येक मात्रेला दोन खण द्या. उपाय बरोबर आहे, परंतु अर्धाच आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने मला फार दिवस रडवले.

स्केल म्हणजे एका ठोक्यात किती खण बसतात त्याची निवड. नेहमीच्या सिक्स्टीन्थ स्केलवर मशीन चार खणांचा एक ठोका धरते. त्यामुळे ठोके पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात, म्हणजे तीन-तीनचा दादरा दोन-दोनमध्ये चिरला जातो. ठेका एकटा वाजवून पाहिला तर काहीही बिघडलेले जाणवत नाही. कीबोर्डवाल्याच्या कानात क्लिक (मशीनच्या ठोक्यांची टिकटिक) गेला की मात्र त्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकीकडे आणि तुमची दुसरीकडे अशी अवस्था होते. स्केल सिक्स्टीन्थ ट्रिपलेटवर न्यावे. आता सहा खणांचा एक ठोका होतो आणि तो पहिल्या व चौथ्या मात्रेवर, म्हणजे सम आणि खाली (दादऱ्याच्या दुसऱ्या भागाची सुरुवात) यांवर, पडतो. फसगत होते ती येथेच, कारण दोन्ही पद्धतींत दिवे त्याच बारा खणांत लागतात आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. बीपीएमचा (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचा) आकडाही बदलावा लागतो: मिनिटाला १८० मात्रांची लय हवी असेल, तर पहिल्या पद्धतीत ९० आणि दुसऱ्या पद्धतीत ६० लावावे. हे गणित एकदा कागदावर मांडले की पुन्हा विसरत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

विकतचे तयार पॅटर्न घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतला दादरा बहुधा वॉल्ट्झच (तीन ठोक्यांचा पाश्चात्य नाचाचा ठेका) असतो. यंत्रांची माहिती पाठ असलेल्या गुरूपेक्षा ढोलकी वाजवणारा शेजारी अधिक उपयोगी पडतो. ‘धा धी ना, धा ती ना’ तोंडाने लयीत म्हणता येत नसेल, तर मशीन बंद ठेवावे.

डग्ग्याच्या जागी बास ड्रम घेताना ‘धा’ आणि ‘धी’ यांवरच तो ठेवावा. ‘ती’ आणि तिच्या पुढच्या ‘ना’वर अजिबात नको. तबलजी तेथे डग्ग्याची घुमक थांबवतो, आणि ती पोकळी राखली नाही तर आवर्तन सपाट होते. ‘ना’साठी रिमशॉट (ड्रमच्या कडेचा टणक आवाज) चालतो. ८०८ वर अ‍ॅक्सेंट (खण जोरात वाजवण्याची खूण) त्या खणातल्या सगळ्याच वाद्यांना लागतो, म्हणून समेवरचा डग्गा उठवायला गेल्यास सोबतचे हायहॅटही (झांजेचा आवाज) ओरडू लागते. त्या खणात हायहॅट न ठेवणे बरे. शफल (एकाआड एक खण किंचित उशिरा वाजवण्याची सोय) दादऱ्यात शून्यावर असू द्यावे. केहरव्यात ते थोडे वाढवून पाहायला हरकत नाही.